बोली शून्य

मोहरीच्या रंगाचा कोट, लोकरी, साइज चौदा.
पहिल्यांदा मांडला तेव्हा लिहिले पंचेचाळीस पौंड,
कारण कार्डिफच्या दुकानात मीच नव्वद मोजले होते
आणि निम्म्याने देणं म्हणजे उदारपणाच, असं वाटलं.
सात दिवस. बोली शून्य.

शेजारची लोवरी म्हणाली, मिस्टर बेव्हन,
तुम्ही काय दिलंत ते इथे कोणी विचारत नाही.
खाली या. आणि फोटोतली ती इस्त्रीची फळी काढा.
फळी काढली. तीसवर आलो.
बोली शून्य.

मेरिएल फोनवर म्हणाली होती, विकून टाक सगळं,
पैसे तुलाच ठेव. तिच्या मागे कारंजं वाजत होतं
किंवा कोणीतरी भांडी धूत होतं.
आलिकान्तेत कोट लागत नाही म्हणे.
कोण धूत होतं, मी विचारलं नाही.

अठ्ठावीस वर्षं लानेलीत बस चालवली.
मला थांबे ठाऊक, बायकांची मापं नाहीत.
आता शिकलोय: काखेपासून काखेपर्यंत,
मानेमागच्या शिवणीपासून खालच्या काठापर्यंत,
टेप सपाट धरायची, ताणायची नाही.
इतक्या जवळून हा कोट
ती आत असताना मी पाहिला नव्हता.

तिसऱ्यांदा वीस. मुदत रविवारी रात्री नऊला,
तेव्हा माणसं जेवून, उद्याचा सोमवार टाळायला
काहीबाही विकत घेतात, हे लोवरीचं शास्त्र.
बोली शून्य.
पण खाली बारीक अक्षरांत: पाहणारे, एक.

चौथ्यांदाही वीसच.
त्या एकाला मी चार दिवस सांभाळलं.
किंमत हलवली नाही, दचकेल म्हणून.
रात्री पाणी प्यायला उठलो की बघायचो,
असायचा.
पाचव्या दिवशी तोही गेला.

आमच्याकडेही अशाच मुदती संपायच्या.
भांडण झालं की पहिली बोली कोणी लावायची
यात आठवडे जायचे.
राखीव किंमत माझी मी सांगितली नाही,
तिची तिने.
मग दोघं मिळून तोच अबोला
पुन्हा मांडायचो, आणखी सात दिवसांसाठी,
फोटोसुद्धा न बदलता.

पाचव्यांदा नव्याण्णव पेन्स. मातीमोल.
तेव्हा कार्लाइलहून प्रश्न आला:
दुसरं बटण मूळचं आहे का? सिगारेटचा वास?
मी कोटात नाक खुपसलं.
डांबरगोळ्या. कॉलरपाशी आणखी काहीतरी.
लिहिलं: सिगारेट नाही, कुत्रा नाही.
दुसरं बटण मी शिवलंय, डेपोत, सँडविच खाता खाता,
तपकिरी दोऱ्याने, काळा मिळाला नाही म्हणून.
बायकोने ते कधी उसवलं नाही.
हे शेवटचं वाक्य खोडलं.
मग परत लिहिलं.

रविवारी नऊला दहा कमी असताना
कार्लाइल एक पौंड.
अ‍ॅबर्डीन दोन-वीस.
कार्लाइल चार. अ‍ॅबर्डीन चार-पन्नास.
मी स्वयंपाकघरात उभा राहून बघत होतो,
रग्बीची मॅच असल्यासारखा,
फक्त कोणाच्या बाजूने ते ठरेना.
शेवटच्या चाळीस सेकंदांत
कार्लाइल, अकरा पौंड सत्तर. टपालखर्च वेगळा.
चहा केला होता, तो तसाच राहिला.

पोस्टातल्या बाईने वजन केलं:
एक किलो सहाशे.
मला जास्त वाटलं होतं.

आठवड्याने कार्लाइलचा शेरा आला:
वर्णनाप्रमाणे. बटण तसंच राहू देते.

आज निळं कार्डिगन.
उजवं कोपर विरलंय,
टेबलावर रेलून ती शब्दकोडं सोडवायची,
आडवे शब्द आधी, उभे मला विचारून.
एवढं लिहून झालंय.
किंमतीची चौकट अजून रिकामी.
लोवरी म्हणते, नव्याण्णवपासूनच सुरू करा,
उगाच वेळ घालवू नका.
तिचं बरोबर आहे.
मी पंचवीस टाकतो.